‘कोल्ड स्प्रे’ला ‘थंड धातूचा मुलामा’ म्हणावे का?

विचारणा अशी आहे: जहाजदुरुस्तीवरच्या एका मराठी लेखात ‘कोल्ड स्प्रे’साठी ‘थंड धातूचा मुलामा’ असे छापले आहे, ते बरोबर आहे का?

मला ते अजिबात पटत नाही. ‘थंड’ आणि ‘मुलामा’ या दोन्ही शब्दांनी वाचकाची दिशाभूल होते.

कोल्ड स्प्रे ही धातूची पूड मारून झिजलेल्या जागी थर चढवण्याची पद्धत आहे. तीत मध्ये अरुंद होऊन पुन्हा रुंदावणाऱ्या नळीतून नायट्रोजन, हेलियम किंवा साधी हवा ध्वनीहून जास्त वेगाने सोडतात. त्या वायूत धातूची पूड असते, कण साधारण ५ ते ५० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कण सेकंदाला कित्येकशे मीटर वेगाने आदळतो, चपटा होतो आणि न वितळताच तिथे पक्का बसतो. १९८०च्या दशकात रशियातल्या नोवोसिबिर्स्कला शास्त्रज्ञ अनातोली पापिरिन आणि त्यांचे सहकारी वायुबोगद्यात प्रयोग करत होते, तेव्हा हे लक्षात आले. ठरावीक वेग ओलांडला की कणांच्या माऱ्याने वस्तू झिजायची थांबते आणि तिच्यावर उलट थर चढू लागतो.

वायू मात्र बऱ्याचदा शेकडो अंशांपर्यंत तापवलेला असतो. म्हणजे इथे ‘कोल्ड’चा अर्थ गार असा नाही, धातू वितळत नाही एवढाच. ‘शीतयुद्ध’ या शब्दातही ‘शीत’ने तोफा धडाडल्या नाहीत इतकेच कळते. म्हणून ‘शीत फवारणी’ म्हणावे. ‘फवारा’ नको, कारण फवारा उडतो आणि फवारणी करतात. आपल्याला कामाचे नाव हवे आहे.

आता ‘मुलामा’. तो सोन्याचांदीचा, पातळ, शोभेपुरता असतो. ‘कल्हई’ही चालणार नाही, तिच्यात कथील वितळवावे लागते. जहाजावर पंपाचा शाफ्ट झिजला किंवा झडपेला गंजाने खड्डे पडले तर कारागीर म्हणतात, ‘भरून घ्या’. नेमके तेच क्रियापद इथे शोभते. खराब जागा साफ करून खरखरीत करतात, पूड मारून मापापेक्षा थोडी जास्त भर चढवतात आणि मग लेथवर मापात आणतात. वेल्डिंगने भरताना उष्णतेमुळे पातळ भाग वाकडा होतो, ती भीती इथे बरीच कमी. अमेरिकी नौदलाच्या प्युजेट साउंड गोदीत पाणबुडीच्या सुट्या भागांसाठी ही पद्धत वापरलेली आहे.

तेव्हा वाक्य असे लिहावे: ‘शाफ्टची झिजलेली जागा शीत फवारणीने भरून घेतली.’ थराबद्दलच बोलायचे असेल तर ‘धातूचा थर’ पुरे.

फक्त सुरक्षासूचनांत एक काळजी घ्यावी. ‘शीत’ वाचून कुणाला काम निर्धोक वाटू नये. अॅल्युमिनियमची बारीक पूड बंदिस्त जागेत हवेत पसरली आणि ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो. त्यामुळे अशा सूचनांत हा शब्द पहिल्यांदा येईल तिथेच ‘वायू तापलेला असतो, पूड पेट घेऊ शकते’ हे स्पष्ट लिहावे.