पाय सरळ असूनही दुमडलेले का वाटतात?

प्रश्न : माझे यजमान गेल्या वर्षी आंबे उतरवताना झाडावरून पडले. मणक्याचे ऑपरेशन झाले, परंतु कमरेखाली त्यांना स्पर्श कळत नाही व हालचालही नाही. तरीही रात्री ते मला उठवून सांगतात की पाय गुडघ्यात दुमडून अवघडले आहेत, सरळ कर. चादर बाजूला करून पाहावे, तर पाय सरळच असतात. घरातील मंडळींना वाटते की मार डोक्यालाही लागला असावा. हे वेडाचे लक्षण आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्या अनेकांना असा अनुभव येतो. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ जॉन कोनोमी यांनी १९७३ मध्येच अशा रुग्णांविषयी सविस्तर लिहिले होते. स्नायू व सांध्यांतून निघणारे संदेश मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत पोहोचतात, म्हणूनच डोळे मिटले तरी आपला पाय कोठे आहे हे आपल्याला सांगता येते. इजेमुळे हे संदेश थांबले, तरी मेंदूतील पायांची जागा पुसली जात नाही आणि ताजी खबर येत नसल्याने मेंदू पायांची एखादी ठेवण स्वतःच रचतो. काही रुग्णांना पाय अपघाताच्या क्षणी जसे होते तसेच जाणवत राहतात, तर काहींना आपले धड लांबल्यासारखे वाटते.

तेव्हा रात्री त्यांनी हाक मारली, की ‘पाय सरळच आहेत, उगाच काहीतरी’ असे कृपया म्हणू नका. पाय आत्ता कसे वाटतात हे आधी विचारा, मग दिवा लावून, उशीला टेकवून बसवून, त्यांना स्वतःला पाय पाहू द्या. पाहिल्यावर काहींची जाणीव तात्पुरती बदलते, काहींची मुळीच बदलत नाही. परंतु आपले म्हणणे कोणी खरे मानले, याचाच त्यांना मोठा आधार वाटेल.

अवघडण्याबरोबर जळजळ किंवा विजेच्या झटक्यासारख्या कळा असतील, तर ती मज्जातंतूंची वेदना असते. तिच्यावर साध्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिनसारखी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावी लागतात. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत अशा रुग्णांवर उपचार होतात.

जाणिवेतील पाय आणि प्रत्यक्षातील पाय वेगवेगळ्या ठिकाणी असल्यामुळे व्हीलचेअरवर बसताना पावले पायटेकणीवर आहेत ना, हे त्यांनी दर वेळी डोळ्यांनीच पाहावे. टाचा, माकडहाड व नितंबांवरील त्वचा रोज तपासा, कारण तिथे जखम झाली तरी त्यांना कळणार नाही. बधिरपणा कमरेपासून वर सरकू लागला किंवा हातांतील ताकद कमी होऊ लागली, तर मात्र थांबू नका. मज्जारज्जूत द्रव साठून पोकळी तयार झाली आहे का, हे पाहण्यासाठी एमआरआय तातडीने करून घ्यावा लागतो.