नानांच्या सहीखालची आठ वर्षं

तुम्ही विचारलंय, जळगावला वडील आणि काकांच्या ऑफिसात नऊ वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम केलं, तर हा अनुभव कॅनडात धरतील का? मी धुळ्याचा. नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ऑफिसात आठ वर्षं काढून टोरांटोला आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

धरतात, पण कागदावर असेल तेवढाच. माझं घोडं इथेच अडलं. प्लॅन मी काढायचो, साइटवर मिस्त्रीशी मी बोलायचो, पण महापालिकेत जाणाऱ्या प्रत्येक नकाशावर सही नानांची. पगार असा नव्हताच, लागतील तसे पैसे घ्यायचो. इथल्या पहिल्या मुलाखतीत विचारलं, यातलं तुमचं काम कोणतं? माझ्या नावाचा एक कागद नव्हता. आणि बापाने मुलाला दिलेल्या पत्राला वजन ते किती!

म्हणून व्हिसाच्या आधी हे करा. उद्यापासून प्रत्येक ड्रॉइंगवर तुमचं नाव पडू द्या. पगार बँकेतून घ्या. क्लायंट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पत्रं घ्या. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, म्हणजे भारतात आर्किटेक्टची नोंदणी करणारी संस्था, तिथली नोंदणी चालू ठेवा.

इथे परवाना मिळेपर्यंत स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, तसा कायदाच आहे. आधी पदवीची तपासणी, मग इंटर्न म्हणून ३,७२० तासांचं काम, त्याच्या नोंदीवर परवानाधारक आर्किटेक्टची सही, शिवाय परीक्षा. पस्तिशीत इंटर्न म्हणवून घेणं मला फार जड गेलं.

काम मात्र मनापासून आवडेल. आपल्याकडे काळी माती फुगते-आकसते म्हणून पाया खोल नेतो. टोरांटोत जमिनीतलं पाणी गोठून माती वर उचलते, म्हणून पाया साधारण १.२ मीटर खाली न्यावा लागतो. धुळ्यात सगळी धडपड ऊन अडवायची. इथे घरातली वाफ भिंतीत शिरून तिचं पाणी होऊ नये म्हणून इन्सुलेशनच्या आतल्या, उबदार बाजूला व्हेपर बॅरियर, म्हणजे वाफ अडवणारा थर, लावतात. माझ्या पहिल्या सेक्शनमध्ये, म्हणजे भिंतीच्या उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये, मी तो बाहेरून दाखवला होता. सीनियरने लाल पेनाने रेघ मारून आत घेतला आणि अर्धा तास शेजारी बसून समजावलं.

आणि भाऊ, घरी खरं सांगा. मी 'दोन वर्षांत येतो' म्हणालो होतो. नानांनी माझं टेबल तसंच ठेवलं, मदतीला कुणाला घेतलं नाही, साठीनंतरही स्वतः उन्हात स्लॅब तपासायला चढत राहिले. ते मला आईकडून कळलं, तीन वर्षांनी. चालू साइट्स कोण बघणार, हे वडील आणि काकांसोबत बसून ठरवा, मगच तिकीट काढा.

पोर्टफोलिओ झाला की पाठवा, मी नीट बघून देईन.