कामगार कायद्यांमुळे नोकऱ्या खरंच कमी होतात का?

कायदे कडक आहेत म्हणून कारखानदार माणसं घेत नाही, हे अर्धंच खरं. माणसं तो घेतो, पण स्वतःच्या हजेरीपटावर घेत नाही.

सगळा राग असतो तो कामगार कपातीच्या आणि कारखाना बंद करण्याच्या परवानगीवर. पूर्वी १०० कामगारांपासून सरकारची परवानगी लागायची, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा ३०० आहे. पण बहुतेक कारखाने १०० पर्यंतही पोचत नाहीत. आणि परवानगीची अट १९७६ मध्येच आली, तरी १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बंद पडायच्या थांबल्या नाहीत.

३०० च्या आत कपातीचा खर्च ढोबळमानाने असा : १८,००० पगार, सहा वर्षं नोकरी. एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, आणि नव्या संहितेप्रमाणे कामगारांच्या पुनर्कौशल्य निधीत आणखी १५ दिवसांचा पगार. म्हणजे १८,००० अधिक ५४,००० अधिक ९,०००, एकूण ८१,००० (ग्रॅच्युइटी वेगळी, ती कपात नसली तरी द्यावीच लागते). एवढ्याने धंदा बुडत नाही. बुडतो तो भरपाई ‘नंतर देऊ’ म्हणणारा, किंवा शेवटी आलेल्याला ठेवून जुन्याला काढणारा. अशी कपात कोर्टात बहुधा टिकत नाही.

खरा अडथळा खाली आहे, विसाव्या माणसापाशी. २० कामगार झाले की पीएफ लागू. मूळ पगार १५,००० धरला तर मालकाचा हिस्सा विमा आणि प्रशासन शुल्कासह १३ टक्के, म्हणजे १,९५०. आणि तो एकट्या नव्या माणसाचा नाही, विसाही जणांचा : महिन्याला ३९,०००. मग १९ वरच हिशेब थांबतो, किंवा दुसऱ्या नावाने गाळा उघडला जातो. (दोन्हीकडे मालक, यंत्रं, माणसं तीच असतील तर पीएफ कार्यालय दोन्ही एकच धरतं, तो भाग वेगळा.)

दुसरी गंमत २४० दिवसांची. वर्षात तेवढे दिवस भरले की नोटीस आणि भरपाईचा हक्क मिळतो, म्हणून सातव्या महिन्यात ‘ब्रेक’, म्हणजे नोकरीत मुद्दाम पाडलेला खंड. किंवा सरळ कंत्राटदार. संघटित कारखान्यांत आज दहातले सुमारे चार कामगार कंत्राटी आहेत ते यामुळेही. म्हणजे नोकऱ्यांच्या संख्येपेक्षा त्यांचा दर्जा जास्त घसरला. संख्या ठरते ऑर्डरवर. मागणी नसेल तर कायदा कितीही सैल करा, भरती होत नाही.

नव्या संहितेत ठरावीक मुदतीच्या कामगाराला थेट घेता येतं, पण कायम कामगाराइतक्याच सवलती आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी द्यावी लागते. तरी कंत्राटदारच हवा असेल, तर त्याचं बिल पास करण्याआधी त्या महिन्याचं पीएफ चलन मागून घ्या. त्याने बुडवलं तर वसुली तुमच्याकडून होते.