व्हॅटिकन सिटीला प्राकृतिक भूगोल असा काही आहे का?

तुम्ही विचारलंय, तिथे डोंगर, नदी असं काही आहे की नुसतं चर्च आणि पुढचं अंगण. मी भूगोल शिकवतो आणि आमचे दाजी मला डिवचायला नेमकं हेच विचारतात, म्हणून लिहायला बसलो.

आहे. अख्खा देशच टेकडीवर वसलाय. रोमच्या सात टेकड्यांत ती मोजत नाहीत, कारण ती टायबर नदीच्या पश्चिम काठावर. देश जेमतेम ४४ हेक्टर, म्हणजे ११० एकरांच्या आत. पण सेंट पीटर्स चौकाकडे उंची १९ मीटर आणि पश्चिमेच्या बागांत सुमारे ७५.

सहलीला गेलो तेव्हा दाजी म्हणाले, "तीन किलोमीटरची तर हद्द, जेवायच्या आत फेरी मारून येऊ." म्हटलं, चला. भर उन्हात दक्षिणेकडून निघालो. उजव्या हाताला विटांची उंच तटबंदी, भेगांतून झुडपं उगवलेली, आणि रस्ता चढतोय तो चढतोयच. दाजींची बडबड आधी कमी झाली, मग बंद. शेवटी तटाला टेकले. पाठ व्हॅटिकनला, पाय इटलीत आणि तोंडाने धापा.

तिथेच मी त्यांना विटा दाखवल्या. या टेकडीच्या पोटात जुन्या समुद्रतळाची चिकणमाती आहे. परिसरात वीटभट्ट्या होत्या, जवळच्या एका रस्त्याला अजून भट्ट्यांचंच नाव आहे. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने सेंट पीटर्स चर्चसाठी उताराची एक बाजू खोदली, दुसरीकडे भराव घातला, त्यात जुनी थडगी गाडली गेली. यावर दाजी, "मग हे सिव्हिल झालं, भूगोल कुठला?" ते सिव्हिल इंजिनिअर आहेत. अहो, उतारच नसता तर भराव कशाला घातला असता?

नदी हद्दीत नाही. बागांतल्या कारंज्यांसाठी पोप पाचवा पॉल याने १७व्या शतकात ब्राच्चानो तळ्याकडून पाणी आणवलं. पाऊस हिवाळ्याकडे, उन्हाळा कोरडा.

क्षेत्रफळ काही ठिकाणी ४९ हेक्टर दिलेलं सापडेल, उंचीतही दोन-चार मीटर इकडेतिकडे. परीक्षेला तुमच्या पुस्तकातलं लिहा.

जाणार असाल तर सेंट पीटर्स चर्चच्या घुमटावर चढा आणि सगळे चौकाचे फोटो काढत असताना तुम्ही मागे, पश्चिमेकडे बघा. चढत गेलेल्या बागा दिसतील. लिफ्ट फक्त गच्चीपर्यंत नेते, पुढे ३२० पायऱ्या आहेत. दाजी गच्चीवरच बसून राहिले होते, त्यामुळे त्यांचं मत मी धरत नाही.