वाशीहून शिडाची होडी शिकायला जाताय? आधी भरती-ओहोटी शिका

कोर्समध्ये पहिल्या दिवशी गाठी शिकवतील. बोलाइन आणि आठाची गाठ डोळे मिटून यायला हवी, एवढंच. खरा वेळ शीड आणि पाण्यावर घालवा.

शीट म्हणजे शीड नव्हे, ते ओढायचा दोर. तो हळूहळू सैल सोडा. शिडाची पुढची कड फडफडू लागली की फडफड थांबेपर्यंतच परत ओढा. नवखे हमखास जास्त ओढतात. मग होडी कलते आणि वेगही मरतो. वारा मागून असताना जाइब घ्यायची (होडीचा मागचा भाग वाऱ्यातून फिरवून शीड दुसऱ्या बाजूला न्यायचं) तर आधी सगळ्यांना हाक द्या, डोकी खाली; बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, क्षणात पलीकडे जातो.

ठाणे खाडीत चिखलाचे उथळ पट्टे आहेत, म्हणून बाराचा नियम पाठच करा. ओहोटीच्या सहा तासांत पाणी भरती-ओहोटीतल्या एकूण फरकाच्या अनुक्रमे 1, 2, 3, 3, 2, 1 बारांश (बाराव्या भागाइतकं) उतरतं. हा फरक 4 मीटर असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून 2 मीटर जातात. होडी रुतते ती याच वेळी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला फरक मोठा, अष्टमीच्या भांगेला कमी.

नकाशावर अंतर नेहमी बाजूच्या अक्षांशांच्या पट्टीवर मोजा: 1 मिनिट म्हणजे 1 सागरी मैल, 1852 मीटर. वरच्या-खालच्या रेखांशांच्या पट्टीवर मोजलंत तर आकडा चुकणारच.

कॉम्पिटंट क्रू (क्रूचा सुरुवातीचा कोर्स) झाल्यावर लगेच डे स्किपरला (होडी स्वतः चालवायच्या पुढच्या कोर्सला) धावू नका. मधे एक हंगाम, ऑक्टोबर ते मे, नुसतं क्रू म्हणून जा.