खेड्यातल्या ऑफिसमधला नॅस आणि वर्ध्यातला नॅस आपोआप सारखे कसे ठेवायचे?

तुमच्या प्रश्नातून मला कळले ते एवढे. शेतकरी उत्पादक कंपनीचे ऑफिस राळेगाव तालुक्यातल्या खेड्यात आहे आणि तिथे सिनॉलॉजी कंपनीचा नॅस, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा डबा, आहे. त्यावर सभासदांचे सातबारे, आधार-पासबुकच्या प्रती, काटापावत्यांचे स्कॅन आणि टॅलीचा डेटा मिळून टेराबाइटभर माल आहे. वर्ध्याच्या ऑफिसात क्यूनॅप कंपनीचा नॅस आहे. खेड्यात फायबर आले आहे, पण लाइनचा भरवसा नाही. दोन्हीकडे फाइली आपोआप सारख्या राहाव्यात, वर्ध्याच्या माणसांना त्या उघडून पाहता याव्यात आणि एक नॅस गेला तरी काम अडू नये, असे तुम्हाला हवे आहे.

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगचे संगणक मी सांभाळतो. फॅक्टरीत एक नॅस आणि शहरातल्या ऑफिसात दुसरा, अशीच आमची मांडणी आहे. त्यामुळे इथली वीज, इथले नेट आणि इथला उन्हाळा धरूनच सांगतो.

कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे हे नंतर पाहू. आधी ‘सारख्या’ म्हणजे काय ते ठरवा, कारण लोक नेमके इथेच फसतात. दुतर्फा सिंक म्हणजे इकडे जे होईल ते तिकडे होणार. नवी फाइल तिकडे जाईल, तसे पुसणेही तिकडे जाईल. आमच्याकडे ऐन हंगामात काट्यावरच्या पोराने जागा करायची म्हणून मागच्या वर्षीच्या काटापावत्यांचे अख्खे फोल्डर उडवले. दुतर्फा सिंक असते तर शहरातली प्रतही त्याच रात्री साफ झाली असती. आमचे सिंक एकतर्फी होते आणि शहरातल्या नॅसवर रोजचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या दिवशीच्या फाइलींची जशीच्या तशी राखलेली स्थिती, होते, म्हणून ते फोल्डर सकाळी जागेवर आले. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, शिरले तरी हेच होते. कुलूपबंद झालेली फाइल सिंकच्या दृष्टीने फक्त ‘बदललेली फाइल’ असते आणि ते ती इमानेइतबारे पलीकडे पोचवते.

म्हणून माझा सल्ला असा, की खेड्यातला नॅस मूळ धरा आणि वर्ध्याचा त्याची प्रत. माल एकाच दिशेने, रोज रात्री जाऊ द्या. वर्ध्याच्या माणसांना ते फोल्डर फक्त वाचण्याच्या परवानगीने द्या. दोन्हीकडून लिहिणे खरोखरच गरजेचे असेल, म्हणजे मासिक अहवाल किंवा ठरावांचे मसुदे वगैरे, तर तेवढ्यासाठी एक छोटे वेगळे फोल्डर काढा आणि दुतर्फा सिंक फक्त त्यालाच लावा. एक टेराबाइट दुतर्फा ठेवण्याचे तुमच्या कामात मला एकही कारण दिसत नाही.

पहिली प्रत नेटवरून पाठवू नका. नेटच्या जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो, इथे अपलोड मोजायचा. समजा तो १० एमबीपीएस मिळतो. म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबाइट, तासाला साडेचार जीबी. एक टेराबाइटला २२० तासांहून जास्त लागतील, म्हणजे रात्रंदिवस सलग चालले तरी नऊ दिवस, आणि इथे सलग काही चालत नाही. त्यापेक्षा वर्ध्याचा नॅस गाडीत घालून खेड्यातल्या ऑफिसात आणा. दोन्ही नॅस एकाच गिगाबिट स्विचवर लावा, केबल कॅट ५ई किंवा वरची घ्या. मोठ्या फाइली सेकंदाला १०० मेगाबाइटच्या आसपास जातात. बारीक स्कॅनना वेळ जास्त लागतो, तरी संध्याकाळी लावलेले काम सकाळपर्यंत उरकावे. मग नॅस परत वर्ध्याला न्या. नेतानाही तो नीट बंद करून, डिस्क काढून, फोममध्ये गुंडाळून न्या, आपले रस्ते तुम्हाला ठाऊकच आहेत. त्यानंतर रोज फक्त नवे-बदललेले तेवढेच जाईल आणि ते काही शे मेगाबाइटच असेल.

हे ‘बदललेले तेवढेच’ पाठवण्याचे काम आरसिंक नावाचे सॉफ्टवेअर करते. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते १९९६ मध्ये काढले आणि आजही दोन वेगळ्या कंपन्यांच्या नॅसना एकमेकांशी बोलायला लावण्याचा सगळ्यांत खात्रीचा मार्ग तोच आहे. आधी ते फाइलचा आकार आणि बदलाची वेळ पाहते. दोन्ही जुळले तर फाइलला हात लावत नाही. नाही जुळले तर फाइलचे तुकडे पाडून, पलीकडे नसलेले तुकडेच पाठवते. यात वेळेला महत्त्व आहे, म्हणून दोन्ही नॅसची घड्याळे एनटीपीवर, म्हणजे नेटवरून आपोआप वेळ जुळवण्याच्या सोयीवर, लावून ठेवा. सिनॉलॉजीचे ‘शेअर्ड फोल्डर सिंक’ तुम्हाला उपयोगाचे नाही, ते सिनॉलॉजी ते सिनॉलॉजी चालते.

प्रत्यक्ष जोडणी अशी. क्यूनॅपवर ‘एचबीएस ३’ हे त्याचे बॅकअपचे अ‍ॅप उघडून त्यातला आरसिंक सर्व्हर चालू करा आणि त्यासाठी वेगळा युजर काढा, ज्याला त्या एका फोल्डरपलीकडे काही दिसणार नाही. सिनॉलॉजीवर त्याचे बॅकअपचे अ‍ॅप ‘हायपर बॅकअप’ घ्या. तिथे आरसिंकचे दोन प्रकार दिसतील. अनेक आवृत्त्यांचा प्रकार चांगला आहे, पण तो माल स्वतःच्या साच्यात साठवतो, वर्ध्याच्या माणसाला फोल्डर उघडून पीडीएफ पाहता येणार नाही. तुम्हाला पाहायचे आहे, तेव्हा एका आवृत्तीचा प्रकार निवडा आणि जुन्या आवृत्त्यांसाठी क्यूनॅपवर रोजचे स्नॅपशॉट लावा. तुमच्या मॉडेलला स्नॅपशॉटची सोय आहे ना, हे सगळ्यांत आधी बघा. नसेल तर दोन्ही प्रकारांची कामे लावा, एक पाहण्यासाठी आणि एक आवृत्त्यांसाठी. वर्ध्याला दुप्पट जागा लागेल, पण ती किंमत मोजा. काम तयार करताना, मूळ ठिकाणी पुसलेल्या फाइली पलीकडे ठेवायच्या की काढायच्या हा पर्याय येईल, तो वाचूनच पुढे जा. वेळ रात्री अकरानंतरची ठेवा. रिसायकल बिन आणि सिनॉलॉजी आपोआप बनवते ती लघुचित्रांची फोल्डरे वगळा.

दुतर्फा फोल्डरसाठी मी सिंकथिंग हे सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि कोणत्याही कंपनीच्या नॅसवर बसते. सिनॉलॉजीवर सिनोकम्युनिटीच्या पॅकेजमधून, क्यूनॅपवर कंटेनर स्टेशनमधून. त्यात फोल्डरला ‘फक्त पाठवणे’, ‘फक्त घेणे’ आणि ‘दोन्ही’ असे प्रकार आहेत आणि जुन्या आवृत्त्या ठेवण्याची सोय आहे. ती सोय आपोआप चालू नसते, दोन्हीकडे आठवणीने लावा. एकच फाइल दोघांनी एकाच वेळी बदलली तर सिंकथिंग दोन्ही ठेवते आणि एकीच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ घालते. अशी फाइल दिसली की पुसायची नाही, दोघांनी फोनवर बोलून कोणती खरी ते ठरवायचे, एवढे ऑफिसातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आता नेट. खेड्यातल्या बहुतेक जोडण्यांवर तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळतच नाही, अनेक गिऱ्हाइकांमागे एकच पत्ता असतो. ओळखायचे असेल तर राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे अशा सामायिक पत्त्याच्या, मागे आहात. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी राउटरमधून थेट नॅसकडे वळवणे, चालतच नाही. आणि चालत असले तरी करू नका, हे मी कळकळीने सांगतो. ऑगस्ट २०१४ मध्ये सिनोलॉकर या रॅन्समवेअरने सिनॉलॉजीचे नॅस धरले, जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने क्यूनॅपचे. दोन्ही वेळा सापडले ते थेट इंटरनेटवर उघडे ठेवलेले नॅस. तुमच्याकडे गावातल्या लोकांची आधार आणि पासबुके आहेत. त्यांनी ती कंपनीवर विश्वास ठेवून दिली आहेत.

याला उत्तर टेलस्केल. ते वायरगार्ड या व्हीपीएनच्या तंत्रावर उभे आहे, दोन्ही नॅसच्या अ‍ॅप दुकानांत मिळते आणि सीजीनॅटच्या मागूनही दोघांची खासगी, कूटबद्ध जोडणी करून देते. एकही पोर्ट उघडावे लागत नाही. यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. सिनॉलॉजीच्या डीएसएम ७ या सिस्टिमवर टेलस्केल आत येणारी जोडणी लगेच घेते, पण सिनॉलॉजीकडून बाहेर जोडणी करायची असेल तर टास्क शेड्युलरमध्ये नॅस सुरू होताना चालणारी एक आज्ञा घालावी लागते. ती टेलस्केलच्या मदतपानावर तयार मिळते. तुमचा सिनॉलॉजीच पाठवणारा आहे, म्हणजे हे तुम्हाला करावेच लागेल. दुसरी गोष्ट चावीची. टेलस्केलची चावी, म्हणजे नॅसची ओळख पटवणारी डिजिटल खूण, साधारण १८० दिवसांनी संपते. दोन्ही नॅससाठी ती मुदत बंद करून ठेवा, नाहीतर दसऱ्याला सुरू केलेले सिंक ऐन उन्हाळ्यात न सांगता थांबेल.

टॅलीबद्दल वेगळे सांगतो. चालू असलेल्या टॅलीचे डेटा फोल्डर कधीही सिंकला लावू नका. त्यातल्या फाइली एकमेकींवर अवलंबून असतात. अर्धी नवी, अर्धी जुनी अशी प्रत पलीकडे गेली तर ती उघडेलच असे नाही. टॅलीतूनच रोज संध्याकाळी बॅकअप घ्या, तारखेच्या फोल्डरात ठेवा आणि ते फोल्डर रात्री जाऊ द्या.

मराठी नावांच्या फाइलींचा त्रास इंग्रजी मदतपानांत सहसा सापडत नाही, म्हणून इथे थोडे सविस्तर. देवनागरीतले प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, प्रत्येक हलन्त साठवायला तीन बाइट लागतात. साध्या फोल्डरात नावाची मर्यादा २५५ बाइट असते, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे. पण सिनॉलॉजीवर कूटबद्ध शेअर्ड फोल्डर केलेत, आणि आधार-पासबुकांसाठी ते करावेसे वाटणारच, तर मर्यादा १४३ वर येते. म्हणजे फक्त ४७ चिन्हे, मात्रा धरून. सभासदाचे पूर्ण नाव, गाव, गट क्रमांक आणि ‘सातबारा उतारा’ एवढे लिहिले की ती संपली. मग फाइल त्या फोल्डरात येतच नाही, आणि मोठ्या कॉपीत अशी चूक सहज नजरेतून निसटते. नावात सभासद क्रमांक, कागदाचा प्रकार आणि वर्ष एवढेच ठेवा, बाकी सगळे एक्सेलच्या यादीत.

दुसरा त्रास ‘ऱ’ चा. ‘शेतकऱ्यांची यादी’ मधला हा ‘ऱ’ संगणकात दोन रीतींनी साठतो, एक अखंड अक्षर म्हणून आणि एक साधा ‘र’ अधिक खालचा नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, आरसिंकला मात्र दोन वेगळी नावे. वेगवेगळ्या कीबोर्डवरून किंवा जुन्या मॅकवरून आलेल्या फाइलींत हे होते आणि एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी दिसू लागतात. सिंकथिंग हे बहुतेक वेळा स्वतः जुळवून घेते, साधे आरसिंक घेत नाही. फाइलींची नावे एकाच संगणकावरून, एकाच कीबोर्डने देणे हा सोपा उपाय.

विजेकडे याहून जास्त लक्ष द्या. यूपीएस घेतला आणि नॅस त्यावर लावला, एवढ्याने काम होत नाही. यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडा आणि नॅसच्या सेटिंगमध्ये सांगा, की बॅटरी उतरायला लागली की स्वतः नीट बंद हो. लाइन आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्यायही लावा. राउटर आणि फायबरचा डबा त्याच यूपीएसवर असू द्या. फायबरच्या तारेतून आकाशातली वीज येत नाही, पण त्या डब्याच्या अडॅप्टरमधून आणि तिथून लॅन केबलने नॅसपर्यंत येते. रोहिणी-मृगातल्या कडकडाटात हे होते. ऑफिसचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला असेल तर पाणी घाला. आणि नॅस टिनाच्या खोलीत ठेवू नका. अशा बहुतेक नॅसना भोवतालची हवा ४० अंशांपर्यंतच चालते आणि मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४५ असते. स्लॅबची खोली, भिंतीपासून हातभर अंतर, आणि दर महिन्याला पंख्यावरची धूळ साफ.

सगळे लावून झाल्यावर काम पूर्ण झाले की फसले याचा निरोप दोघांच्या ईमेलवर येईल असे करा, एकट्याच्या नको. आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वर्ध्याच्या माणसाने खेड्यात कोणाला न विचारता कोणत्याही एका सभासदाचा सातबारा आणि टॅलीचा एक बॅकअप वर्ध्याच्या नॅसवरून उघडून पाहावा. टॅलीचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर खरोखर रिस्टोअर करून पाहावा, फाइल दिसते एवढ्यावर थांबू नये. तुमच्या दोन्ही नॅसचे मॉडेल क्रमांक खाली लिहिलेत तर स्नॅपशॉटचे नेमके कसे करायचे ते सांगतो.