नाशिक सोडून गावाकडच्या कला महाविद्यालयात?

जूनमध्ये बारावीचे विद्यार्थी घेऊन प्रवेशाच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांना मुलाला गावाहून नाशिकला आणायचे असते. गेल्या वर्षी आलेल्या एका आईंचा प्रश्न उलट्या दिशेचा होता. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असून त्यांची बदली पेठ-सुरगाणा पट्ट्यातील एका गावी झाली होती, आणि कला शाखेतून बारावी झालेली त्यांची मुलगी नाशिकला मामाकडे राहण्याऐवजी आईबरोबर जाऊन तिथल्याच महाविद्यालयात शिकू इच्छित होती. “मॅडम, तिची चार वर्षे फुकट तर जाणार नाहीत ना?” असे त्यांनी विचारले.

पदवीपुरते उत्तर सोपे होते. दोन्हीकडची महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशीच संलग्न असल्यामुळे पदवी एकच मिळते आणि स्पर्धा परीक्षेच्या अर्जात गावाचे महाविद्यालय आडवे येत नाही. खरी अडचण विषयांची असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार विद्यार्थ्याला मुख्य विषय, गौण विषय आणि खुले वैकल्पिक विषय घ्यायचे असतात. परंतु लहान महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकवला जाणारा प्रत्येक विषय तिसऱ्या वर्षी मुख्य विषय म्हणून, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘स्पेशल’ला, मिळतोच असे नाही. मुलीला समाजशास्त्र हवे होते, आणि ते तिथे कुठपर्यंत आहे हे दोघींनाही ठाऊक नव्हते.

म्हणून मी त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे तास सुरू झाल्यावर, कामाच्या साध्या दिवशी तिथे जाऊन येण्यास सांगितले. प्रवेशाच्या गर्दीत गेले, तर कार्यालयाच्या खिडकीपलीकडे काही दिसत नाही. तिसऱ्या वर्षाचे वेळापत्रक पाहावे, विषयाचे किती प्राध्यापक पूर्णवेळ आहेत आणि किती तासिका तत्त्वावर आहेत ते विचारावे, आणि मुलीने आईला बाहेर बसवून तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी एकटीने बोलावे, एवढेच माझे म्हणणे होते. फलकावरची नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, श्रेणी जरूर वाचावी, पण ती संपूर्ण महाविद्यालयाची असते, आपल्या विषयाची नसते. इमारत, कमान, पेव्हर ब्लॉक यांवर पालकांचा फार वेळ जातो. माझ्या मते तो वाया जातो.

दोघी जाऊन आल्या. समाजशास्त्र तिथे स्पेशलला नव्हते. भूगोल होता, आणि त्या विभागात पूर्णवेळ शिकवणारे प्राध्यापकही होते. दुपारची एसटी चुकली की पुढची संध्याकाळीच, त्यामुळे एकच्या सुमारास वर्ग रिकामे होत असल्याचे मुलीने स्वतः पाहिले. एका श्रेयांकाला, म्हणजे क्रेडिटला, १५ तास असा हिशेब असल्याने चार श्रेयांकांच्या विषयाचे ६० तास भरायला हवेत, आणि ते कसे भरतात हे तिने तिथल्या मुलींना विचारले. सकाळचे तास नियमित होतात, दुपारचे सुटतात, असे सरळ उत्तर मिळाले. माहितीपत्रकात हे कधीही छापले जाणार नाही.

मुलीशी स्वतंत्र बोलल्यावर वेगळीच काळजी पुढे आली. वर्गातील बहुतेक मुली आपसात कोकणी, म्हणजे कोकणा समाजाची बोली, बोलत होत्या, आणि गावात सगळे आपल्याला बाईंची मुलगी म्हणूनच ओळखतील, असे तिला वाटत होते. ही काळजी आईच्या काळजीपेक्षा मला अधिक महत्त्वाची वाटली, कारण वर्गात परके वाटू लागलेले मूल विषय कितीही आवडता असला तरी हळूहळू महाविद्यालयात जाणे टाळू लागते. तरीही तिचा कल भूगोलाकडे झुकला होता. पावसाळ्यात धो-धो पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकर का लागतो, यावर तिथले विद्यार्थी क्षेत्रप्रकल्प करत होते, आणि त्याबद्दल ती माझ्याशी बराच वेळ बोलली.

तिने भूगोल मुख्य आणि समाजशास्त्र गौण विषय घेऊन तिथेच प्रवेश घेतला. एक वर्षानंतर जमले नाही तर मिळवलेले श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात, हे आईंना मी समजावले. मात्र नाशिकच्या महाविद्यालयात तेव्हा जागा असेल आणि विषयांची जोडी जुळेल याची हमी ती बँक देत नाही, हेही सांगितले. दुपारनंतर ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, हे विचारायचे मात्र दोघींकडून राहून गेले होते. ते फोनवर विचारून घेण्यास सांगून मी ती बैठक संपवली.